गियरचा आंकडा : प्रत्यक्ष कीं अनुमान ?

अमरावती व अकोला यांमधील हमरस्त्यावर ७५ किलोमीटर लांबीची एकेरी डांबरी पट्टी १०५ तास ३३ मिनिटांत घालून जून २०२२ मध्यें जागतिक विक्रम नोंदविण्यांत आला. अशा सपाट रस्त्यावर फटफटीचा स्वार एकदां वरच्या गियरांत गेला म्हणजे गियर विसरला तरी चालतें. परंतु तोच स्वार परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढूं लागला, कीं वळणावळणावर ‘आपण कितव्या गियरांत आहों ?’ हा प्रश्न त्यास पडतो. याचें उत्तर देणारा लहानसा आंकडा हल्लीं पुष्कळ मोटारसायकलींच्या मीटरमध्यें दिसतो. तो कोठून येतो व त्यावर भरंवसा किती ठेवावा, हें घरांतील वडील मंडळींनींही जाणून घेणें अगत्याचें आहे. कारण गाडी चालविणारीं मुलें आपलींच असतात.

पूर्वीं या आंकड्याची गरज नव्हती. जुन्या मोटारसायकलींस टाकीच्या बाजूला हातानें ओढावयाचा दांडा असे. तो ज्या खांचेंत दिसे, तोच गियर. १९७२ सालीं निघालेल्या बजाज चेतक स्कूटरच्या डाव्या मुठीपाशीं गियरचे आंकडे कोरलेले असत, व पहिल्या-दुसऱ्यांच्या मध्यें न्यूट्रलची खूण असे. मूठ फिरविली तेथेंच राही, म्हणून हातासच गियर कळे. पायाच्या दांडीनें मात्र ही सोय नाहींशी केली. १९२० ते १९३० या दशकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडांतील वेलोसेट कंपनीचे हॅरल्ड विलिस यांनीं, प्रत्येक वेळीं गियर बदलून मूळ जागीं परत येणारी पायदांडी शर्यतीच्या गाड्यांस बसविली. पुढें हीच रीत सर्वत्र रूढ झाली. दांडी सदैव एकाच जागीं उभी; मग तिच्याकडे पाहून काय कळणार ? म्हणूनच सुझुकीसारख्या कंपन्यांनीं १९७० नंतरच्या दशकांत आपल्या मोठ्या गाड्यांवर आंकडा दाखविण्यास आरंभ केला.

आंकडा काढण्याच्या रीती मुख्यतः दोन. पहिली अशी : गियरपेटींत एक खांचा पाडलेला ढोल असतो, त्यास मिस्त्री लोक शिफ्ट ड्रम म्हणतात. पायाचा दाब पडला कीं हा ढोल ठराविक कोनांतून फिरतो. त्याच्या खांचांत अडकलेले चिमटे सरकतात, आणि चिमटे दांत्यांच्या चक्रांस एकमेकांत गुंतवितात. ढोलाच्या टोकास विजेचा संपर्क, अगर कोनाप्रमाणें दाब बदलणारा सेन्सर, बसविलेला असतो. त्यावरून ढोल कोणत्या स्थानीं आहे हें मीटरास समजतें. न्यूट्रलचा हिरवा दिवा ही याच रीतीची सर्वांत साधी आवृत्ति होय.

दुसरी रीत गणिताची. समजा, पहिल्या गियरांत चाकाच्या एका फेऱ्यास इंजिनाच्या २७ फेऱ्या पडतात व पांचव्यांत ९. प्रत्येक गियरचें हें गुणोत्तर निराळें असल्यामुळें इंजिनाच्या फेऱ्यांस चाकाच्या फेऱ्यांनीं भागिलें कीं गियर ओळखतां येतो. मात्र गाडी उभी असतां भाजक शून्य होतो, आणि क्लच दाबला असतां इंजिन व चाक यांचा संबंधच तुटतो. अशा वेळीं मीटर कोरें राहतें किंवा नुसती आडवी रेघ दाखवितें. चेनचें पुढचें चक्र १४ दांत्यांचें काढून १५ दांत्यांचें बसविलें तर गुणोत्तर सुमारें सात टक्क्यांनीं बदलतें, व जवळजवळचे वरचे गियर ओळखण्यांत घोटाळा होऊं शकतो.

न्यायशास्त्राच्या भाषेंत सांगावयाचें तर आंकडा हें प्रत्यक्ष ज्ञान नव्हे, अनुमान होय. धूर पाहून आपण अग्नि मानतों. येथें ढोलाचा कोन पाहून गियर मानावयाचा. धूर व अग्नि यांची व्याप्ति जोंवर अबाधित, तोंवरच अनुमान खरें. ढोल फिरला, पण चक्रांचे दांते पुरते गुंतले नाहींत, असें अर्धवट दाबलेल्या दांडीमुळें घडतें. तेव्हां गाडी दोन गियरांच्या मध्यें लोंबकळते आणि घाटाच्या उतारावर इंजिनाचा अटकाव एकाएकीं सुटतो. आंकडा त्या क्षणीं काय दाखवील, याचा नेम नाहीं.

याहून गंभीर गोष्ट हिरव्या दिव्याची. पुष्कळ गाड्यांत न्यूट्रलच्या स्थानीं एक तार गाडीच्या धातूस जोडली जाऊन दिवा लागतो. त्या तारेचें वेष्टन घासून ती इतरत्र धातूस टेकली, तर गाडी गियरांत असूनही दिवा लागलेलाच राहील. दिवा मुळींच न लागणें ही केवळ गैरसोय. खोटा लागणें हा धोका. अंगणांत मुलें खेळत असतां दिव्यावर विसंबून कोणी क्लच सोडला, तर गाडी पुढें झेप घेईल.

यावर उपाय सोपा आहे. गाडी सुरू करण्यापूर्वीं क्लच न दाबतां ती मागेंपुढें ढकलून पहावी. चाक मोकळें फिरलें तरच न्यूट्रल समजावें. घाट उतरतांना चढतांना वापरला त्याच गियरांत, किंवा त्याहून खालच्या गियरांत, असावें, आणि इंजिनाच्या आवाजाकडे कान द्यावा. ताशीं ६० किलोमीटर वेगानें एक सेकंद मीटरकडे पाहिलें तर गाडी सुमारें १७ मीटर पुढें गेलेली असते. शिवाय आंकडा गियर कोणता आहे एवढेंच सांगतो. कोणता असावा हें सांगत नाहीं. तें रस्ता, चढ व पाठीमागें बसलेल्या माणसाचें वजन पाहून स्वारानेंच ठरवावयाचें असतें. नवशिक्या मुलामुलींनीं आंकड्याचें साह्य अवश्य घ्यावें; परंतु हात, पाय व कान यांची साक्ष त्याच्याशीं जुळते कीं नाहीं हें पाहण्याची संवय पहिल्या दिवसापासूनच त्यांना लावावी.