तोंडाचा कर्करोग : काढलेली गाठ काय सांगते?

तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, की नातेवाईक एकच प्रश्न विचारतात : ‘आता परत नाही ना होणार?’ या प्रश्नाचे जे काही उत्तर मिळते, ते बहुतांशी काढलेल्या गाठीच्या तपासणीतून. किरणोपचार द्यायचे का, जोडीला केमोथेरपी हवी का, हेही त्यावरच ठरते. भारतीय पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. तंबाखू, गुटखा, मशेरी आणि सुपारी ही त्याची मुख्य कारणे. त्यामुळे हा अहवाल नीट समजून घेणे अनेक घरांची गरज आहे.

काढलेली गाठ फॉर्मालिनमध्ये ठेवून तिचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यांत बसवतात. त्यांचे अतिशय पातळ काप रंगवून पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यात पहिली महत्त्वाची गोष्ट म्हणजे खोली. जिभेवरची गाठ वरून लहान दिसली, तरी ती आत किती मिलिमीटर रुतली आहे, यावर मानेतल्या गाठींमध्ये आजार पसरण्याची शक्यता अवलंबून असते. म्हणूनच २०१८ पासून वापरात आलेल्या वर्गीकरणात खोलीला स्थान मिळाले. दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ ५ मिलिमीटरपेक्षा खोल गेली, की ती पहिल्या गटातून दुसऱ्या गटात जाते.

मानेत छुपा आजार असू शकतो, याला मुंबईतच भक्कम पुरावा मिळाला. टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या टप्प्यातील, मानेत गाठ हाताला न लागणाऱ्या रुग्णांपैकी ज्यांच्या मानेची शस्त्रक्रिया आधीच केली, त्यांच्यापैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसल्यावरच मानेची शस्त्रक्रिया केलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते.

दुसरी गोष्ट कडा. गाठीभोवती निरोगी पेशींची पुरेशी किनार आहे का, की कर्करोग कापलेल्या कडेपर्यंत पोहोचला आहे? तिसरी, मानेतल्या लसिकाग्रंथीचे आवरण फोडून आजार बाहेर आला आहे का? यांपैकी एकही धोका असेल, तर प्रकृती झेपणारी असल्यास किरणोपचारांसोबत सिसप्लाटिन देण्याचा विचार होतो. चौथी, मज्जातंतूंभोवती आजार पसरला आहे का?

आता अनेक अहवालांत आणखी काही नावे दिसतात : पी५३, केआय-६७, ईजीएफआर, पी१६. ही पेशींतील प्रथिने शोधण्यासाठी कापांवर विशेष रंगप्रक्रिया करतात. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. पेशी किती वेगाने वाढत आहेत, याचा अंदाज केआय-६७ वरून येतो. पण या खुणा आणि रुग्णाचे भवितव्य यांचा संबंध प्रत्येक अभ्यासात सारखा आढळलेला नाही. त्यामुळे केवळ त्यांच्या आधारे उपचार ठरत नाहीत. पी१६ बाबत तर हमखास गैरसमज होतो. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कर्करोगात पी१६ आढळणे ही चांगली खूण असते, कारण ती बहुधा एचपीव्ही विषाणूशी निगडित असते. गालाच्या किंवा हिरडीच्या कर्करोगात तसा दिलासा मानता येत नाही.

पीडी-एल१ वेगळ्या कामासाठी आहे. आजार परतला किंवा दूर पसरला, तर इम्युनोथेरपीचा उपयोग होण्याची शक्यता किती, हे त्यावरून जोखतात. पुढे काय होईल हे सांगणारी खूण आणि कोणते औषध लागू पडेल हे सांगणारी खूण, यांत हा फरक आहे. महागडी चाचणी करण्यापूर्वी म्हणूनच विचारावे : ‘निकाल काहीही आला, तरी उपचार बदलणार आहे का?’

संशोधन थांबलेले नाही. पश्चिम बंगालमधील कल्याणीची जीनोम संस्था आणि खारघरचे अ‍ॅक्ट्रेक यांच्या सहभागातून २०१३ मध्ये गाल आणि हिरडीच्या कर्करोगातील जनुकीय बदलांचा आराखडा प्रसिद्ध झाला. अशा संशोधनातून उद्याच्या खुणा मिळतील.

तोवर रुग्णांनी दोन गोष्टी कराव्यात. अहवालातील खोली, कडा, लसिकाग्रंथी आणि मज्जातंतू या चार नोंदी डॉक्टरांकडून समजून घ्याव्यात. दुसऱ्या रुग्णालयात जाताना अहवालासोबत मेणाचे ठोकळेही मागून न्यावेत. ते हाताशी असले, तर पुन्हा तुकडा काढण्याची वेळ बहुधा टळते. आणि तंबाखू सुटलीच पाहिजे. ती चालू राहिली, तर अहवाल कितीही चांगला असला तरी नवा कर्करोग होण्याचा धोका कायम राहतो.