हातून हाती
(लेखमाला : चर्चच्या आवारात – भाग ९)

मागच्या आठवड्यात आपण ‘कृपा’ या शब्दापाशी थांबलो होतो. न कमावता मिळणारं देवाचं देणं, असा त्याचा साधा अर्थ सांगितला होता. त्यावर सहज सुचणारी शंका अशी, की देणं फुकट आणि देणारा सगळीकडे, तर रविवारी पहाटे उठून चर्चला जायचं कशाला? घरीच डोळे मिटून बसलं तर काय बिघडलं? आमच्या वसईतली तरुण पोरंही हेच विचारतात. फक्त ती अंथरुणातून विचारतात.

उत्तरासाठी थोडं लांब जावं लागेल. १२०६ साली मेट्झच्या बिशपांनी पोप तिसरे इनोसंट यांच्यापुढे एक पेच ठेवला. मरणाच्या दारात असलेल्या एका ज्यू माणसाला ख्रिस्ती व्हायचं होतं. आसपास सगळे ज्यूच. शेवटी त्याने स्वतःच पाण्यात बुडी घेतली आणि ‘मी मला स्नानसंस्कार देतो’ असं म्हटलं. हा संस्कार धरायचा का? पोपनी सांगितलं, धरायचा नाही. देणारा आणि घेणारा वेगळे असायला हवेत, त्याला पुन्हा दुसऱ्याच्या हातून संस्कार द्या. पण पुढे हेही लिहिलं, की तो तेवढ्यात मेला असता तर त्याच्या श्रद्धेमुळे थेट स्वर्गात गेला असता. मला हा निकाल फार आवडतो. देवाचे हात बांधलेले नाहीत हे कबूल, पण माणसाने स्वतःच्या पाठीवर स्वतः थाप मारू नये.

कॅथलिक चर्चचे सात संस्कार या नजरेने पाहा. अडीअडचणीला स्नानसंस्कार कोणीही देऊ शकतं. प्रसूतिगृहातल्या हिंदू नर्सने तान्ह्याच्या डोक्यावर पाणी ओतून ठरलेले शब्द म्हटले आणि चर्चला अभिप्रेत तेच करायचा तिचा हेतू असला, तर तो पक्का. लग्नात संस्कार देतात ते वधूवर, एकमेकांना. धर्मगुरू तिथे चर्चच्या वतीने साक्षीला असतो. पापनिवेदनाचं तसंच. गोव्यात याला कुमसार म्हणतात. शेकडो लोकांची पापं ऐकणाऱ्या पाद्रीबाबालाही स्वतःची सांगायला दुसरा पाद्री गाठावा लागतो. २०१४च्या मार्चमध्ये पोप फ्रान्सिस सेंट पीटर्समध्ये सगळ्यांदेखत एका साध्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकून बसले, तो फोटो जगभर छापून आला. लोकांना नवल वाटलं. वास्तविक त्यांना दुसरा इलाजच नव्हता.

याला अपवाद एकच. मिस्सामध्ये, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेत, धर्मगुरू ख्रिस्तप्रसादाची भाकर स्वतःच्या हाताने घेतो. पण तिथेही रिकाम्या बाकांसमोर विनाकारण मिस्सा करू नये, निदान एखादा तरी भाविक हवा, असा चर्चचा नियम आहे.

म्हणजे कृपा मिळायला शेजारी लागतो. त्या शेजाराला आम्ही धर्मग्राम म्हणतो, इंग्रजीत पॅरिश. मुळात तो ग्रीक शब्द, परक्या ठिकाणचा मुक्काम अशा अर्थाचा. पुढे गंमत अशी झाली, की या मुक्कामाइतकं पक्कं दुसरं काही उरलं नाही. १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेने प्रत्येक धर्मग्रामात लग्नांची वही ठेवायचा हुकूम काढला. स्नानसंस्काराच्या वहीत आजही पोराचं नाव, आईबाप आणि गॉडपेरेंट लिहितात आणि समास मोकळा ठेवतात. पोरगं वाढतं, कुठेतरी लांबच्या चर्चमध्ये लग्न करतं; तिकडून कागद येतो आणि त्याच समासात दुसऱ्या शाईत त्या लग्नाची नोंद होते. वसईतून कॅनडाला गेलेली माणसंही या समासात परत येतात.

वसईचा वेगळा धर्मप्रांत १९९८ साली झाला. पापडीच्या मुख्य चर्चचं नाव ‘अवर लेडी ऑफ ग्रेस’, कृपेची माता. आमच्या आजीच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये असे. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून आपलं म्हणत आणि बाया मागे आपली जपमाळ ओढत. दोन्ही प्रार्थना खऱ्याच, पण एकीची दुसरीशी गाठ नव्हती. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने १९६३ साली लोकभाषेला दार उघडलं आणि उपासनेत सगळ्यांनी भाग घ्यावा असा आग्रह धरला. १९६९ साली भारतासाठी बारा बदल मंजूर झाले. त्यातला एक शांतीच्या खुणेचा. ख्रिस्तप्रसादाआधी शेजारच्याला शांती द्यायची, ती आपल्याकडे हात जोडून. दिसायला दोन सेकंदांचा नमस्कार. पण विहिरीच्या पाळीवरून वर्षभर बोलणं टाकलेले दोन भाऊ एकाच बाकावर आले, की ती दोन सेकंदं फार लांब होतात. कधी हात जुळतात, कधी नजर छतावर जाते. मी दोन्ही पाहिलं आहे. माझीही एकदा छतावर गेली होती.

आणि जो बाकापर्यंत पोचूच शकत नाही, त्याचं काय? इसवी सन १५५च्या सुमारास जस्टिन नावाच्या लेखकाने रोममधल्या ख्रिस्ती लोकांची रविवारची सभा कशी चाले ते लिहून ठेवलं आहे. वाचन, उपदेश, भाकर आणि द्राक्षारस. मग तो सांगतो, की आलेल्या सर्वांना वाटा मिळतो आणि न आलेल्यांचा सेवकांच्या हाती पाठवला जातो. ऐपत असलेले पैसे देतात. ते अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावचे पाहुणे यांच्यासाठी खर्च होतात. एकाच परिच्छेदात वेदी आणि वर्गणी. मधे रेघ नाही.

तो वाटा अजून निघतो. आमच्याकडचे एक निवृत्त एसटी कंडक्टर सकाळच्या मिस्सानंतर तो घेऊन जातात. एकदा मी त्यांच्यासोबत गेलो. हातघड्याळाएवढी सोनेरी मुलाम्याची डबी कापडी पिशवीत, पिशवी गळ्यात, वर शर्टाचं बटण लावलेलं. एरवी अखंड बोलणारा हा माणूस स्कूटरवर अक्षर बोलला नाही. वाटेत कोणी हाक मारली तर फक्त मान हलवायची. कोण बरोबर आहे ते गावाला कळतं. केळीच्या वाडीतलं घर. टीपॉयवर पांढरं कापड, मेणबत्ती, पेलाभर पाणी. खाटेवरच्या मावशींचे केस विंचरून अंबाड्यात अबोलीचा गजरा माळलेला होता. मिस्सा कुठवर आली असेल याचा अंदाज घेत त्या सकाळपासून जपमाळ ओढत होत्या.

पाच मिनिटांची प्रार्थना. मावशींना गिळायला त्रास होतो, म्हणून भाकरीचा कण नखाएवढा, मागून पाण्याचा घोट. मग मावशींनी बसायचा आग्रह केला. कंडक्टरमामांनी डबी उघडून मला दाखवली. अजून तीन वाटे होते, तीन घरांचे.

चहा चौथ्या घरी झाला.