इंजिनाचे दोन फेरे

क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम एका तालात फिरवणाऱ्या टायमिंग बेल्टचं सगळं काम दोन खुणांवर उभं असतं. मारुतीच्या जुन्या 1298 सीसी इंजिनात खाली, क्रँकच्या दातेरी पुलीवर, पंचने ठोकलेला एक बारीक ठिपका असतो. तो ऑइल पंपाच्या केसिंगवरच्या बाणासमोर यावा लागतो. वर कॅमच्या पुलीवर एक खूण असते, ती ‘व्ही’च्या आकाराच्या खुणेसमोर यावी लागते. क्रँकच्या पुलीला किल्लीची खाचही असते, आणि नवशिका कारागीर त्या खाचेलाच मार्क समजून बसतो. तेलाची पुटं चढलेल्या पुलीवर खाच लगेच दिसते, ठिपका शोधावा लागतो. म्हणून शिक्रापूरच्या गॅरेजवाल्या अण्णांनी पाना हातात घेण्याआधी रॉकेलचा ब्रश आणि फडकं मागितलं.

पाबळ चौकातून थोडं आत गेलं की त्यांचं गॅरेज लागतं. इथल्या गॅरेजांचं पोट भरतं ते छोटा हत्ती, पिकअप आणि रांजणगाव, सणसवाडीच्या कंपन्यांत माणसं नेणाऱ्या गाड्यांवर. त्यांच्यामध्ये त्या दिवशी एक एस्टीम उभी होती. मागची सीट काढलेली, आत लोखंडी रोल केज, दारांवर जुन्या स्टिकरांचे फिकट चौकोन. जुनी स्पोर्ट्स कार म्हटलं की आपल्याला परदेशी नावं आठवतात, पण 1990च्या दशकात आपल्या रॅलींमध्ये धूळ उडवली ती जिप्सीने आणि एस्टीमने. एस्टीम 1994 साली आली. वजनाला हलकी, इंजिन उत्साही, त्यामुळे रॅलीवाल्यांनी तिला उचलून धरलं. ही गाडी माझ्या ओळखीच्या एका हौशी माणसाची. त्याची तक्रार एकच होती: गाडी वर रेव्हला छान पळते, पण खालून ओढत नाही, चढावर गिअर पाडावा लागतो.

अण्णांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “बेल्ट कधी टाकलाय?” मालकाला सांगता येईना. गाडी घेतल्यापासून तरी नाही.

ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं चाक उतरवलं, खाली स्टँड लावला, बॅटरीची तार काढली. अल्टरनेटरचा बेल्ट निघाला, बाहेरची पुली निघाली, मग दहा नंबरच्या बोल्टांनी बसवलेलं कव्हर. आतला बेल्ट दिसायला ठीकच होता, दात शाबूत होते. याच गोष्टीने माणूस फसतो. या बेल्टच्या रबरात काचतंतूंचे दोर असतात, आणि ते थकले तरी बाहेरून कळत नाही. नेहमीच्या गाडीला किलोमीटर मोजून बेल्ट बदलता येतो, साधारण 60 हजार ते 1 लाखाच्या दरम्यान. हौसेची गाडी मात्र वर्षाला हजार-दोन हजारच फिरते आणि बाकीचा काळ ताडपत्रीखाली काढते. रबर तेवढ्याच वेगाने म्हातारं होत राहतं. अशा गाडीत वर्षं मोजली पाहिजेत, हे मला पटलेलं आहे.

आता बेल्ट काढायचा, असं मला वाटलं. अण्णांनी काढला नाही. सतरा नंबरचा पाना क्रँकच्या बोल्टला लावून त्यांनी इंजिन हाताने फिरवायला घेतलं. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो, कारण कॅमच्या पुलीला दुप्पट दात असतात. त्यामुळे खालचा ठिपका प्रत्येक फेऱ्याला बाणासमोर येतो, पण वरची खूण एकाआड एक फेऱ्यालाच जागेवर सापडते. ठिपका बाणाला लागला. वर पाहिलं तर कॅमची खूण ‘व्ही’च्या अलीकडेच थांबली होती. अण्णांनी मला वाकून बघायला लावलं. “एक दात. कोणीतरी मागे बसवताना चुकलाय.”

एक दात म्हणजे किती? क्रँकच्या पुलीला 20 दात आहेत असं धरलं, तर एका दाताला 18 अंश होतात. व्हॉल्व्ह तेवढे उशिरा उघडतात, उशिरा मिटतात. इंजिन बंद पडत नाही, आवाजही करत नाही. फक्त कमी वेगावर सिलिंडरमध्ये भरलेलं मिश्रण व्हॉल्व्ह मिटायच्या आत थोडं मागे ढकललं जातं आणि ओढ जाते. जास्त वेगावर तोच उशीर फारसा जाणवत नाही. मालकाची तक्रार शब्दशः हीच होती. 6000 आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 50 वेळा उघडतो. तिथे 18 अंशांचा हिशेब कोणाच्या कानाला कळणार? तो असा थांबलेल्या इंजिनावरच दिसतो.

बऱ्याच ठिकाणी जुन्या बेल्टवर आणि पुल्यांवर व्हाइटनरचे ठिपके देतात, नव्या बेल्टवर तेवढेच दात मोजून तसेच ठिपके देतात आणि बेल्ट चढवतात. काम झटपट होतं. पण आधीच्या माणसाची चूक जशीच्या तशी उतरते. या गाडीत तसं केलं असतं तर नवा बेल्ट पडूनही तो दात चुकलेलाच राहिला असता. अण्णाही व्हाइटनर वापरतात, पण कारखान्याने ठोकलेली खूण नीट दिसावी म्हणून.

बेल्ट सुटला की कॅम मोकळा होतो, आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा त्याला ढकलतात. तो झटक्यात फिरतो. अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकच जागा आळीपाळीने वापरतात, तिथे असा निष्काळजीपणा व्हॉल्व्ह वाकवतो आणि हेड उघडायची वेळ येते. अण्णांनी आधी टॅपेटचे स्क्रू सैल करून कॅमवरचा दाब काढला, मग कॅम हलकेच खुणेवर आणला. कॅमचं आणि क्रँकचं ऑइल सीलही बदललं, कारण तेल झिरपलं की नव्या बेल्टचंही आयुष्य संपतं. टेन्शनरचा बेअरिंग हातात फिरवून, कानाजवळ धरून पाहिला आणि बाजूला टाकला.

बेल्ट चढवताना टेन्शनर नसलेली बाजू आधी ताणून घ्यायची असते. इंजिन चालताना क्रँक त्याच बाजूने बेल्ट ओढतो. तिथे ढील राहिली तर दोन्ही खुणा समोर दिसत असूनही पहिल्या ओढीला कॅम मागे राहतो. बेल्ट बसला, दोन्ही मार्क जुळले. शिकाऊ मुलगा टेन्शनर आवळायला पुढे झाला. “थांब रे. आधी दोन फेरे.” पुन्हा सतरा नंबर, पुन्हा हाताने. क्रँकच्या फेऱ्यांबरोबर बेल्टमधली लपलेली ढील टेन्शनरच्या बाजूला जमा झाली आणि स्प्रिंगने ती खाऊन टाकली. आता टेन्शनर आवळला. आणखी दोन फेरे. खाली ठिपका बाणावर, वर खूण ‘व्ही’वर. माझ्या मते टायमिंग लागलं ते या क्षणी. त्याआधी जुळलेल्या खुणा हा फक्त अंदाज होता.

हाच दातेरी रबरी बेल्ट मोठ्या संख्येने बनणाऱ्या मोटारीत पहिल्यांदा आणला तो जर्मनीच्या ग्लास कंपनीने, 1960च्या दशकाच्या सुरुवातीला. त्याला खरी शान आणली फियाटने. पूर्वी फेरारीची इंजिनं आखणाऱ्या ऑरेलिओ लाम्प्रेदींनी 1966च्या फियाट 124 स्पोर्टला दोन कॅमचं इंजिन दिलं, बेल्टवर चालणारं. त्याच फियाटचा कारखाना इथून जवळ, रांजणगावला आहे. तिथे 2009पासून लिनिया आणि पुंटो बनू लागल्या, डिझेलला चेन आणि पेट्रोलला बेल्ट घेऊन. सचिन तेंडुलकरला 2002 साली मिळालेल्या फेरारी 360 मोडेनातही बेल्टच होते, आणि ते बदलायला सीटांमागचं पॅनेल उघडून इंजिनापर्यंत पोचावं लागतं. त्याआधीच्या एफ 355मध्ये तर इंजिनच बाहेर काढतात. गाडी केवढीही असो, शेवटी कारागीर खूण बघतो आणि इंजिन हाताने फिरवतो.

इकडे एस्टीमच्या टॅपेटचं अंतर पुन्हा लावून झाल्यावर कव्हर चढलं, पुली चढली, इंजिन सुरू झालं. मग दुसरं टायमिंग राहिलं होतं, स्पार्कचं. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमच्याच टोकावर असतो, म्हणजे कॅम सरकला की तोही सरकतो. आधीच्या माणसाने तो फिरवून चुकलेल्या कॅमशी जुळवून घेतलेला होता. अण्णांनी टायमिंग लाइट लावली, डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला केला आणि बाहेरच्या पुलीवरची खाच हव्या त्या अंशावर येईपर्यंत डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवून बोल्ट आवळला.

मालक पाबळच्या रस्त्याने चक्कर मारून आला. तिसऱ्या गिअरमध्ये खालून उचलते म्हणाला, आणि पुन्हा म्हणाला. अण्णांनी बॉनेट परत उघडून नव्या सीलपाशी बोट फिरवलं, कोरडं होतं. मग एका स्टिकरवर तारीख आणि किलोमीटर लिहून तो एअर फिल्टरच्या डब्यावर चिकटवला. खाली ओळ होती: 4 वर्षं किंवा 40 हजार, जे आधी होईल ते.