लाकडाचा आवाज स्पीकरमधून

अकूस्टिक गिटारचा आवाज तारेपासून सुरू होतो, पण ऐकू येतो तो लाकडाचा आणि हवेचा. नुसती तार फारशी हवा हलवू शकत नाही. तिची थरथर सॅडलवरून ब्रिजमध्ये आणि तिथून समोरच्या पातळ फळीत उतरते. ही फळी आणि पेटीत कोंडलेली हवा मिळून आवाज खोलीभर पसरवतात. मोठ्या बांध्याच्या गिटारमध्ये हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास, तर फळी २०० हर्ट्झच्या आसपास सर्वांत जोरात घुमते. समोर बसलेल्याच्या कानात हे सगळे एकत्र पडते. आवाज मोठा करताना यातला कोणता भाग पकडला, त्यावर स्पीकरमधली गिटार खरी वाटते की प्लॅस्टिकची, हे ठरते.

नागपुरात वादकाला फार वेगवेगळ्या जागांशी जुळवून घ्यावे लागते. सिव्हिल लाइन्समधले डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह, २०१७ मध्ये सुरू झालेले रेशीमबागेतले सुमारे दोन हजार आसनांचे कविवर्य सुरेश भट सभागृह, हिवाळ्यातले मैदानी महोत्सव आणि लग्नाची लॉन. जगजित सिंगांनी गझलेत गिटार रुळवली, तेव्हापासून हार्मोनियम-तबल्याच्या शेजारी ती बसलेली दिसणे नवलाचे राहिलेले नाही. मात्र जी जुळणी बंद सभागृहात गोड लागते, तीच लॉनवर कामाची नसते.

सर्वांत खरा आवाज माइक देतो. लहान डायफ्रॅमचा कंडेन्सर माइक गिटारपासून १५ ते ३० सेंटिमीटरवर, मानेवरच्या बाराव्या पडद्याकडे रोखून ठेवला की तारांची किनार आणि लाकडाची गोलाई दोन्ही मिळतात. माइक थेट आवाजाच्या भोकासमोर धरण्याची सवय अनेकांना असते. तिथे पेटीतली हवा घुमत असल्याने खर्जाचा नुसता गोळा हाती येतो. माइकची खरी अडचण अशी की तो गिटारबरोबर तबला, मंचावरचे मॉनिटर स्पीकर आणि मंडपातले मोठाले कूलरही तितक्याच निष्ठेने ऐकतो. शांत सभागृहात एकटा वादक असेल तर माइकला पर्याय नाही; लॉनवर मात्र त्याचा हट्ट धरू नये.

मग येतो पिकअप. बाजारातल्या बहुतेक इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटारमध्ये सॅडलच्या खाली पिएझोची पट्टी असते. काही स्फटिकांवर दाब पडला की वीज निर्माण होते, हे जाक आणि पिएर क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाखवले. ही पट्टी त्याच तत्त्वावर चालते. ती तारेचा दाब टिपते, पण पेटीतली हवा तिला ऐकूच येत नाही. स्टेथोस्कोपने छातीचे ठोके स्पष्ट कळतात, माणसाचा आवाज कसा आहे ते कळत नाही. पिएझोचे काहीसे तसेच आहे. जोरात झंकारले की बदकासारखा जो कोरडा, टोचरा स्वर निघतो, तो इथलाच.

पण पिएझोला मिळणाऱ्या शिव्यांपैकी बऱ्याच चुकीच्या पत्त्यावर जातात. दोष अनेकदा जोडणीचा असतो. पिएझोची विद्युतधारिता साधारण एक नॅनोफॅरड धरली आणि तो मिक्सरच्या १० किलोओहमच्या लाइन इनपुटला थेट जोडला, तर सुमारे १६,००० हर्ट्झच्या खालचे सगळे घसरत जाते, म्हणजे जवळजवळ पूर्ण गिटार. एक मेगाओहमच्या इनपुटला ही मर्यादा सुमारे १६० हर्ट्झवर येते. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची, म्हणजे खर्ज तरीही थोडा पातळच. दहा मेगाओहमला ती १६ हर्ट्झवर उतरते आणि आवाज भरून येतो. ज्या गिटारच्या कुशीत असा मोठ्या इनपुट रोधाचा प्रीअँप बसवलेला असतो, तिथे हे काम आतच उरकते. ज्या गिटारमध्ये नुसता पिकअप आहे, तिच्यासाठी योग्य प्रीअँप आधी घ्यावा. त्याशिवाय महागडे स्पीकर म्हणजे वाया गेलेला पैसा.

प्रीअँपपासून मिक्सरपर्यंत डीआय बॉक्स हवा. साध्या गिटार केबलची लांबी पाच-सहा मीटरपलीकडे गेली की गुणगुण शिरू लागते. डीआय हा सिग्नल संतुलित करून माइकच्याच केबलवरून दूरच्या मिक्सरपर्यंत स्वच्छ पोचवतो.

पिएझोला पर्याय दोन. एक, भोकात बसवायचा चुंबकीय पिकअप. तो उबदार वाजतो आणि फीडबॅकला सहज बळी पडत नाही, पण पोलादी तारेचीच हालचाल ओळखत असल्याने नायलॉनच्या तारांना निरुपयोगी. दोन, ब्रिजखालच्या फळीला आतून चिकटवलेले छोटे संवेदक. ते लाकूड ऐकतात, म्हणून आवाज अधिक नैसर्गिक. मात्र मोठ्या मंचावर लवकर घुमतात. पिकअप आणि माइक एकत्र केल्यास दोन्हींचे चांगले मिळते, पण सांभाळून. ३० सेंटिमीटरवरच्या माइकपर्यंत आवाज पोचायला जवळजवळ एक मिलिसेकंद लागतो. दोन्ही सिग्नल सारख्याच पातळीवर मिसळले तर ५०० ते ६०० हर्ट्झच्या आसपासचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून खर्ज पिकअपकडून आणि वरची चमक माइककडून घेणे बरे. अलीकडे काही पेडल चांगल्या माइकने ध्वनिमुद्रित केलेल्या गिटारचा ठसा पिएझोच्या सिग्नलवर चढवतात. त्याला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात, आणि पेटीचा हरवलेला आवाज तो बराचसा परत आणतो.

मिक्सरवर आल्यावर बहुतेकांचा हात बटण वर ढकलायला शिवशिवतो. गिटारला वाढवण्यापेक्षा कमी करणे अधिक मानवते. ८० हर्ट्झखालचे कापावे, १०० ते २५० मध्ये घुमणारी गाठ शोधून ती थोडी दाबावी, एक ते तीन हजार हर्ट्झमधला टोचरेपणा दोन-तीन डेसिबलने उतरवावा. १०,००० च्या आसपास किंचित उजळपणा दिला की पुरे. हे सगळे वादक एकटा वाजवत असताना नव्हे, तर पूर्ण संच सुरू असताना ठरवावे. एकट्याने भरदार वाटणारा खर्ज तबल्याच्या डग्ग्याखाली नुसता चिखल होतो.

फीडबॅकचे घोंघावणे सुरू झाले, तर त्याचे मूळ बहुतेक वेळा पेटीतल्या हवेच्या त्या १०० हर्ट्झच्या घुमण्यात असते. स्पीकरमधून आलेला आवाज पेटी पुन्हा थरथरवतो आणि चक्र सुरू होते. आवाजाच्या भोकात रबरी झाकण बसवणे हा सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. प्रीअँपवर फेजचे बटण असेल तर ते उलटे करून पाहावे. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेतीन मीटर असते, त्यामुळे मॉनिटरपासून एखाद-दोन पावले सरकल्यानेही फरक पडतो. माइक वापरत असल्यास मॉनिटर त्याच्या पाठीमागे हवा, कारण कार्डिऑइड माइक मागून सर्वांत कमी ऐकतो.

नागपूरकर वादकाला आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती हवामान. गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि दुपारची हवा वाळवंटासारखी कोरडी होते. मग फळी आक्रसते, तारा खाली येऊन पडद्यांवर घासू लागतात. पावसाळ्यात उलट, फळी फुगते आणि तारा वर चढतात. दोन्ही वेळा सॅडल आपल्या खाचेत नीट टेकत नाही, पिएझोवरचा दाब सारखा पडत नाही, आणि एखादी तार मोठी तर दुसरी मुकी वाजते. इथे घरोघरी चालणारा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लाकडाला एसीपेक्षा बरा, कारण तो हवेत ओलावा सोडतो. एसी उलट तो शोषून घेतो. तरी गिटार कूलरच्या थेट झोतात न ठेवता तिच्या बंद केसमध्ये, ओलावा देणाऱ्या छोट्या डबीसह ठेवावी. उन्हाळ्यातल्या कार्यक्रमात तारा असमान वाजू लागल्या, तर साउंडवाल्याला बोल लावण्याआधी सॅडल आणि नऊ व्होल्टची बॅटरी तपासून पाहावी.