चूर्णातील छुपे औषध : जागच्या जागी तपासणी व तिच्या मर्यादा

‘आरोग्यपूरक आहार’ म्हणून विकली जाणारी चूर्णे व कॅप्सूल आज गावोगावी पोहोचली आहेत. गणेशोत्सवास येणारे चाकरमानीही ती वडीलधाऱ्यांसाठी आणतात. अशा उत्पादनांत आधुनिक औषधे लपवून मिसळल्याचे देशोदेशींच्या तपासण्यांत आढळले आहे : सांधेदुखीसाठी डेक्सामेथासोन वा डायक्लोफेनॅक, मधुमेहासाठी ग्लिबेनक्लामाइड, वाजीकरणासाठी सिल्डेनाफिल आणि स्थौल्यासाठी भारतात २०११ पासून बंदी असलेले सिब्युट्रामिन.

वर्ण, गंध व रस यांवरून ही भेसळ कळत नाही. त्यासाठी जागच्या जागी करावयाच्या काही पद्धती उपलब्ध आहेत. प्रतिपिंडयुक्त पट्टी गर्भचाचणीच्या पट्टीप्रमाणे काही मिनिटांत विशिष्ट औषधाची सूचना देते. हाती धरावयाचे रामन यंत्र लेसर किरणांच्या विकिरणावरून रेणू ओळखते. मात्र वनस्पतिद्रव्यांच्या स्वयंदीप्तीमुळे संकेत झाकला जातो, म्हणून चांदी वा सोन्याच्या सूक्ष्मकणांनी तो वाढवावा लागतो. लहान प्रयोगशाळेस सिलिका पट्टीवरील टीएलसी सुलभ आहे. शुद्ध नमुन्याशेजारी चूर्णाचा अर्क चढवून २५४ नॅनोमीटर प्रकाशात ठिपके ताडून पाहावेत.

तथापि या सर्व प्राथमिक चाचण्या होत. सिल्डेनाफिलच्या रेणूत किंचित बदल केल्यास पट्टी फसू शकते. डेक्सामेथासोन व बीटामेथासोन यांचे ठिपके जवळजवळ सारखेच पडतात. म्हणून ‘काही आढळले नाही’ याचा अर्थ ‘निर्भेळ’ असा घेऊ नये. अंतिम निर्णय एलसी-एमएस सारख्या पद्धतीने प्रयोगशाळेतच होतो.

कुडाळहून मुंबईची प्रयोगशाळा दूर आहे. रुग्ण मात्र समोर असतो. पुडीने एका दिवसात वेदना थांबणे, चेहरा गोल होणे, रक्तशर्करा अकस्मात वाढणे वा घसरणे, ही लक्षणे दिसताच संशय घ्यावा. स्टेरॉइडचा संशय असल्यास दीर्घकाळ चाललेली पुडी एकाएकी बंद करू नये. अधिवृक्क ग्रंथी मंदावलेली असल्याने प्राणसंकट ओढवू शकते. तज्ज्ञाच्या देखरेखीखाली मात्रा उतरवावी. हृद्रोगासाठी नायट्रेट घेणाऱ्यास छुपे सिल्डेनाफिल घातक ठरते.

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० अन्वये आयुर्वेदीय औषधाचे घटक अनुसूचीतील ग्रंथांतीलच असावे लागतात. आरोग्यपूरक आहारात संप्रेरके वा स्टेरॉइड घालण्यास २०१६ च्या विनियमांनी मनाई केली आहे. अन्नसुरक्षा अधिनियम, २००६ च्या कलम ४० नुसार ग्राहकही शुल्क भरून अन्नपदार्थाचे विश्लेषण करवून घेऊ शकतो.

औषधालयचालकांनी परवाना क्रमांक व बॅच क्रमांक नसलेला माल स्वीकारू नये, बिले जपावीत आणि संशयित पाकीट न फोडता अन्न व औषध प्रशासनास कळवावे. भेसळ परक्याची असली, तरी तिचा दोष रुग्ण आयुर्वेदास देतो, हे आपण विसरता कामा नये.