मनावरचा ताण आतड्यापर्यंत कसा पोहोचतो

अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन व्रण पडण्याचा, वर्षानुवर्षं चालणारा आजार. घरात असा रुग्ण असेल, तर "टेन्शन घेऊ नकोस, सगळं पोटावर येतं" हे आपण ऐकलेलं असेलच. ते अर्धं खरं आहे. नुसत्या ताणाने हा आजार होत नाही, पण असलेला आजार उचल खाऊ शकतो.

आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशींचं स्वतःचं जाळं असतं. व्हेगस नावाची लांब नस ते मेंदूशी जोडते. अपघात, जवळच्या माणसाचा मृत्यू, घरातली मारहाण असा आघात झाला की मेंदू धोका ओळखतो आणि अ‍ॅड्रिनलिन, कॉर्टिसोल ही संप्रेरकं, म्हणजे रक्तातून निरोप नेणारी रसायनं, स्रवू लागतात.

मग जठर मंदावतं, मोठं आतडं मात्र घाईला येतं. परीक्षेच्या सकाळी धडधाकट मुलंही संडासला पळतात ती यामुळेच. सुजलेल्या आतड्यात याच्याच कळा आणि जुलाब होतात.

ताण लांबला की अस्तराची राखण ढिली पडते आणि सूज भडकू शकते. आघात बालपणीचा असला, तरी काहींची मज्जासंस्था कायम सावध राहते. साधा गॅसही दुखतो.

चुका होतात त्या इथे. त्रास वाढला म्हणजे सूज वाढलीच असं नाही, आणि "मनाचंच आहे" म्हणून सोडून देणंही धोक्याचं. मलाच्या कॅलप्रोटेक्टिन तपासणीतून सुजेचा अंदाज येतो. ती करता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं. शौचातून रक्त पडलं तर मूळव्याध समजून घरगुती उपाय करत बसू नये. ताप, घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब असतील, तर लगेच दाखवावं. बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद करू नयेत. स्टेरॉइड तर एकदम कधीच नाही. स्टेरॉइडने झोप उडते, चिडचिड होते. घरच्यांनी तो स्वभाव समजू नये.

उलट्या दिशेनेही हे घडतं, आतड्याच्या आजाराचा ताण मनावर येतो. एसटीत संडास नाही म्हणून माणूस प्रवासाआधी उपाशी राहतो, लग्नकार्य टाळतो, हळूहळू एकटा पडतो. म्हणून पोटाच्या डॉक्टरांना झोपेबद्दल, भीतीबद्दल, जुन्या आघाताबद्दलही जरूर सांगावं. समुपदेशनाने आतड्याचे व्रण भरतील असं नाही, पण जगणं बरंच सुसह्य होतं. औषधं चालू ठेवून ते घ्यावं.