कोपर्निकसला कोण सांगणार, रक्त कुठे साचलंय!

दिल्लीतला कोपर्निकस मार्ग म्हटलं की मराठी माणसाला जुनं महाराष्ट्र सदन आठवतं, नाटकवेड्यांना कमानी सभागृह. पण ज्याच्या नावाचा हा रस्ता, तो खगोलवाला पाडुआत वैद्यकही शिकला होता. आणि त्याचा घास घेतला मेंदूने! उजवी बाजू लुळी पडली, काही महिने अंथरुणात काढून २४ मे १५४३ रोजी तो गेला. मित्राने पत्रात कारण लिहिलं: रक्तस्राव.

कुठला रक्तस्राव? अर्धं अंग मोठ्या मेंदूतल्या रक्ताने लुळं पडतं, तसंच ब्रेनस्टेममधल्या, म्हणजे मेंदूच्या देठातल्या, रक्तानेही. श्वास, गिळणं, शुद्ध, सगळ्यांचा कारभार या चिंचोळ्या जागेतून चालतो. इथे रक्तवाहिनी फुटण्याचं मुख्य कारण वर्षानुवर्षं दुर्लक्षिलेलं ब्लडप्रेशर.

कवटी न उघडता रक्त दिसायला १९७१ उजाडलं. ईएमआय या रेकॉर्ड कंपनीतल्या गॉडफ्री हाउन्सफील्डने विम्बल्डनच्या रुग्णालयात पहिला रुग्ण सीटी स्कॅनमध्ये घातला. (बीटल्सच्या पैशावर सीटी आला, ही गोष्ट छान आहे. सरकारी पैसाही भरपूर होता, हे सांगायला कुणाला आवडत नाही.) त्याआधी बैलांच्या मेंदूंवर प्रयोग चालले, तर भलतीच अडचण: कत्तलखान्यात डोक्यावर घाव बसल्याने मेंदूत आधीच रक्तस्राव! मग डोक्यावर घाव न घालणाऱ्या ज्यूंच्या कोशर खाटिकाकडून मेंदू आणले.

सीटीची मोजपट्टी हाउन्सफील्डच्याच नावाची. हवा उणे १०००, पाणी शून्य, मेंदू तिशी-चाळिशीत, ताजं रक्त साठीच्या आसपास, म्हणून पांढरं. काही मिनिटांचं काम, शिरेत औषध टोचायचीही गरज नाही.

मात्र ब्रेनस्टेम इथेही नखरे करतो. दोन्ही कानांमागच्या दगडी हाडांमुळे नेमके त्याच्यावर पट्टे उमटतात आणि बारीकसा ठिपका त्यात दडू शकतो. शिवाय दोन-तीन आठवड्यांत रक्त फिकं पडून मेंदूच्याच रंगाचं होतं.

तिथे एमआरआय कामाला येतो. रक्त विरलं तरी त्यातलं लोह मागे राहतं. एमआरआयवर ते वर्षांनंतरही काळं दिसतं. रक्तवाहिन्यांचा गुंता वारंवार पाझरत असेल तर जे चित्र उमटतं, त्याला रेडिओलॉजिस्ट गंभीर चेहऱ्याने ‘पॉपकॉर्न’ म्हणतात. देशातलं पहिलं एमआरआय यंत्रही दिल्लीतच आलं, १९८६ मध्ये, तिमारपूरच्या इन्मास या लष्करी संशोधन संस्थेत.